विषय सोडणं आणि ऋण सोडणं

गेल्या डिसेंबरात आमच्या बिल्डिंगमधल्या मुलांनी बांबूच्या काड्या आणि पतंगाचा कागद आणून चांदण्या केल्या. नाताळच्या आधी गोव्यात घराघरांवर टांगतात त्या. आमच्या रविवारच्या मराठी धर्मशिक्षणाच्या वर्गात येणाऱ्या एका सात वर्षांच्या मुलीची चांदणी पुरी होत आली होती, तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या मुलाने भांडणात ती मुद्दाम फाडली. आम्ही मोठी माणसं धावलो. ‘सॉरी म्हण.’ तो म्हणाला, ‘सॉरी.’ मग तिला, ‘आता तू म्हण, जाऊ दे.’ तिने म्हटलं, ‘जाऊ दे.’ अर्ध्या मिनिटात सगळं मिटलं, आणि त्यात मीही होते.

त्या रविवारी येशूने शिकवलेली प्रभूची प्रार्थना म्हणताना ती एका ओळीवर थांबली. ‘जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड.’ वर्ग संपल्यावर तिने मला विचारलं, ‘टीचर, मी सोडलं ना? मग मला अजून राग का येतो?’

चूक तिची नव्हती, आम्ही तिला जे शिकवलं त्यात होती. आपल्या मराठीत ‘सोडून दे’ हे दोन अगदी वेगळ्या गोष्टींना म्हणतात. ‘विषय सोडून दे’ आणि ‘ऋण सोडून दे’. क्रियापद एकच असल्यामुळे मुलांनाच काय, आई-वडिलांनाही एक गोष्ट दुसरीसारखी वाटते. आम्ही तिला विषय सोडायला लावला होता आणि प्रार्थनेत तिच्या तोंडी ऋण सोडल्याची ओळ होती.

पुढच्या रविवारी मी वर्गात उधारीची वही नेली. म्हापशात वाढलेल्या मुलाला पसरो सांगावा लागत नाही. कोपऱ्यावरचं वाणसामानाचं दुकान, आणि महिनाअखेरीला हिशेब होणारी वही. दोन मुलांना पसरकार केलं. एका गिऱ्हाइकाच्या नावावर ३०० रुपये मांडले: तांदूळ, साखर, तेल. गिऱ्हाईक म्हणालं, माझ्याकडे पैसे नाहीत. पहिल्या पसरकाराने वही न उघडताच म्हणायचं, ‘अरे, जाऊ दे, कसले पैसे!’ दुसऱ्याने वही उघडायची, त्या पानावर बोट ठेवायचं, ‘हे बघ, ३०० रुपये,’ असं मोठ्याने वाचायचं, आणि मग त्यावर काट मारायची.

मग मी दोघांच्या वह्या सगळ्यांना दाखवल्या. पहिल्या वहीत ३०० रुपये तसेच होते. ते पुसले नव्हते, फेडले नव्हते, नुसते झाकले होते. पुढच्या भांडणाच्या दिवशी ती वही उघडणार आणि तेच पान निघणार. राग का येतो, या प्रश्नाचं उत्तर त्या मुलीला तिथेच मिळालं असावं, कारण तिने पहिली वही बराच वेळ हातातून सोडली नाही.

दोन्हींतला फरक मला असा दिसतो: ‘जाऊ दे’ म्हणणारा सांगतो की काही झालंच नाही, किंवा झालं ते मोजण्याएवढं नव्हतं. क्षमा करणाऱ्याला आधी उलट म्हणावं लागतं: झालं, आणि मला लागलं. ऋण आहे हे कबूल केल्याशिवाय ऋण सोडता येत नाही. म्हणून खरी क्षमा ‘जाऊ दे’पेक्षा कडक वाटते. तिच्यात चुकीचं नाव घ्यावं लागतं.

ही माझी कल्पना नाही, पवित्र शास्त्रातच, म्हणजे बायबलमध्येच, तशी मांडणी आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात येशूचा शिष्य पेत्र विचारतो, भावाला किती वेळा क्षमा करू, सात वेळा का? आणि येशू सातांच्या सत्तर पट सांगतो. ही गोष्ट सगळ्यांना पाठ असते. पण त्याच अध्यायात, त्याच्या थोडं आधी, येशूने सांगितलं आहे की तुझ्या भावाने तुझा अपराध केला तर त्याच्याकडे जा आणि तुम्ही दोघेच असताना त्याचा दोष त्याला दाखव. आधी हे, मग सातांच्या सत्तर पट. मुलांना शिकवताना आपण पहिला भाग गाळतो आणि दुसऱ्याची सक्ती करतो.

योसेफाची गोष्ट मी याच कारणासाठी दर वर्षी घेते. भावांनी विकलेला योसेफ मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये, मोठा अधिकारी होतो आणि दुष्काळात तेच भाऊ धान्याला त्याच्या दारात येतात. ओळख देताना तो म्हणतो, ज्याला तुम्ही मिसरात विकलंत तो तुमचा भाऊ मी. ‘विकलंत’ हा शब्द तो गिळत नाही. पुढे, बाप मेल्यावर भाऊ घाबरतात तेव्हाही तो म्हणतो, तुम्ही माझं वाईट योजलं होतं, पण देवाने त्यातून भलं योजलं. रडत रडत, मिठी मारून, आणि तरीही वहीतलं पान वाचून. मुलांना मी विचारते, योसेफाने काय सोडलं? विषय की ऋण? मोठी मुलं लगेच सांगतात. लहानांना मिठी आठवते, आणि पाच वर्षांच्या मुलाला तेवढं पुरे.

येशू ज्या अरामी भाषेत बोलत होता तिच्यात पाप आणि कर्ज यांना एकच शब्द आहे. म्हणून मत्तयाच्या प्रार्थनेत ऋण आलं आणि आपल्या मराठी पवित्र शास्त्राने ते तसंच ठेवलं. काही पालक म्हणतात, मुलांना ‘ऋण’ कळत नाही, ‘अपराध’ म्हणू द्या. मला उलट वाटतं. ‘अपराध’ हा शब्द मुलाने कोर्टाच्या सीरियलमध्येच ऐकलेला असतो. उधारी त्याने पाहिलेली असते.

शेजारच्या कॅथलिक घरांत हीच ओळ कोंकणीत आहे: ‘आमी आमचेर चुकलेल्यांक भोगसितांव, तशें आमचीं पातकां भोगस.’ भोगसप म्हणजे क्षमा करणं. शब्दाचं मूळ काहीही असो, माझ्या मराठी कानाला त्यात ‘भोगणं’ ऐकू येतं आणि ते मला फार खरं वाटतं. कारण वहीच्या खेळात सगळ्यात मोलाचा प्रश्न अजून राहिला होता. पसरकाराने ३०० रुपये सोडले. मग ते ३०० रुपये गेले कुठे? पहिल्यांदा सगळी म्हणाली, संपले. मग एक मुलगा हळूच म्हणाला, ‘पसरकाराचे गेले.’ तांदूळ तर घरी शिजला, तेल वापरून झालं, आणि पैसे कोणीतरी घातलेच. जो सोडतो तो स्वतःच्या खिशातून घालतो. ‘जाऊ दे’ला काही लागत नाही. क्षमेला लागतं.

वधस्तंभाची, म्हणजे क्रुसाची, शिकवण लहान मुलांना कशी द्यायची हे मला पूर्वी कळत नसे. रक्त आणि खिळे सांगून मी काही मुलांना घाबरवलंही आहे, त्याचं मला वाईट वाटतं. आता मी एवढंच म्हणते की देवाने आपल्याला नुसतं ‘जाऊ दे’ म्हटलं असतं तर येशूला यावं लागलं नसतं. देवाने वही वाचली, आणि आपल्या नावावरचं स्वतः भरलं. सात वर्षांच्या मुलाला हे झेपतं.

मत्तयाच्या त्याच अठराव्या अध्यायातला निर्दय चाकराचा दाखला या जागी आपोआप बसतो. राजा चाकराचे १०,००० तलांत सोडतो आणि तोच चाकर बाहेर जाऊन १०० दिनारांसाठी सोबत्याचा गळा धरतो. दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी, आणि एक तलांत म्हणजे सुमारे ६,००० दिनार. म्हणजे एकाचं कर्ज १०० दिवसांच्या मजुरीचं आणि दुसऱ्याचं सहा कोटी दिवसांच्या. चौथीच्या मुलांना हा गुणाकार फळ्यावर करू द्यावा. शून्यं लिहिता लिहिता ती गप्प होतात.

आता ‘जाऊ दे’च्या बाजूनेही बोलायला हवं, नाहीतर अन्याय होईल. पावसात छत्रीचं पाणी अंगावर उडालं, धावताना धक्का लागला, रांगेत चुकून पुढे आलं, तिथे वही कशाला? एका वर्षी आमच्या वर्गातली मुलं इतकी शिकली की प्रत्येक धक्क्याला ‘तू आधी कबूल कर’ म्हणू लागली, आणि मला ते थांबवावं लागलं. प्रेषित पौलाने कलस्सैकरांना, म्हणजे कलस्सै शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला, लिहिताना दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या आहेत: एकमेकांचं सहन करा, आणि क्षमा करा. सहन करणं छोट्या गोष्टींसाठी, क्षमा ऋणांसाठी. रात्री झोपताना जी गोष्ट आठवत नाही ती ‘जाऊ दे’ची. जी आठवते, पोटात गोळा आणते, ती वहीतली. मुलं हा फरक आपल्यापेक्षा चांगला ओळखतात. आपणच घाई करतो, कारण आपल्याला घरात शांतता हवी असते.

एक जागा मात्र अशी आहे जिथे या दोन गोष्टींची गल्लत भांडणापुरती राहत नाही. मोठ्या माणसाने मुलाला इजा केली, नको तिथे हात लावला, धमकावून गप्प ठेवलं, आणि मुलाने आयुष्यभर ऐकलेलं असेल की चांगली ख्रिस्ती मुलं ‘जाऊ दे’ म्हणतात, तर ते मूल बोलणार नाही. म्हणून माझ्या वर्गात मी हे दर तीन-चार महिन्यांनी स्पष्ट शब्दांत सांगते. क्षमा करायची म्हणजे लपवायचं नाही. आईला सांग, आई ऐकत नसेल तर टीचरला सांग, कोणीच ऐकत नसेल तर १०९८ हा मुलांसाठीचा फोन नंबर आहे, पैसे पडत नाहीत. गोव्याने मुलांच्या रक्षणासाठी २००३ मध्येच स्वतंत्र कायदा केला आहे. सांगणं हे वाईट वागणं नाही, आणि सांगितल्याने क्षमा मोडत नाही. ऋण आहे हे कोणीतरी मोठ्याने वाचायलाच हवं, आणि ते ओझं मुलाच्या एकट्याच्या डोक्यावर ठेवायचं नाही.

चूक करणाऱ्या मुलाकडूनही हेच. ‘सॉरी’ हा शब्द विषय मिटवायला वापरता येतो आणि ऋण कबूल करायलाही. मी विचारते, कशाबद्दल सॉरी? वाक्य पूर्ण करायला लावते: ‘मी तुझी चांदणी फाडली.’ मग, आता काय करशील? इथे जक्कय कामाला येतो. येशूला पाहायला उंबरावर चढलेला बुटका जकातदार मुलांचा आवडता असतो, आणि झाडावरून उतरल्यावर तो म्हणतो की ज्याला फसवलं त्याला चौपट परत करीन. कॅथलिक मुलांना पयल्या कुमगाराच्या, म्हणजे पहिल्या प्रभुभोजनाच्या आधी, कुमसारासाठी, म्हणजे पाद्रीसमोर पापं कबूल करण्यासाठी, तयार करतात. तेव्हा चूक आठवणं, तिचं वाईट वाटणं, ती उच्चारणं आणि दिलेलं प्रायश्चित्त करणं या पायऱ्या शिकवल्या जातात. आमच्या प्रॉटेस्टंट घरांत पाद्रीसमोरची कबुली नाही, मूल थेट देवाशी बोलतं. पण नाव घेऊन कबूल करणं दोन्हीकडे आहे, आणि त्या शेजाऱ्यांकडून मी ते जास्त नेटकं शिकले.

पाठांतराबद्दल थोडं. काही तरुण पालकांना वाटतं की न कळणारी ओळ मुलाकडून म्हणून घेणं चुकीचं. मला तसं वाटत नाही. फ्रान्सिस झेवियर १५४२ मध्ये गोव्यात आले तेव्हा रस्त्यांतून घंटा वाजवत मुलांना गोळा करून प्रार्थना म्हणून घेत. फादर थॉमस स्टीफन्स यांनी दक्षिण गोव्यातल्या सासष्टीत बसून ख्रिस्ताची कथा मराठी ओवीत रचली. ते ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये तिथल्याच रायतूरला छापलं गेलं. त्यांचं कोंकणी धर्मशिक्षणाचं पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर १६२२ मध्ये निघालं, ते प्रश्नोत्तरांचं आहे. ओवी कानात बसते, प्रश्नोत्तर तोंडात. तीन वर्षांच्या मुलाने ओळ पाठ करावी आणि सातव्या वर्षी एखाद्या फाटलेल्या चांदणीपाशी ती उघडावी, यात काही बिघडत नाही. बिघडतं ते उघडायची वेळ आली तेव्हा आपण ‘जाऊ दे’ म्हटलं तर.

घरी मी रात्रीच्या प्रार्थनेआधी माझ्या मुलांना एवढंच विचारते: आज वहीत काय आहे? कुणाचं तुझ्याकडे, तुझं कुणाकडे? सगळं त्याच रात्री काटलं पाहिजे असं नाही. ‘देवा, मला अजून सोडता येत नाही,’ ही प्रार्थना मी मान्य करते. बायबलमधल्या स्तोत्रांत दावीद राजाही कुठवर, कुठवर असं देवाला विचारतोच. कधी दुसऱ्या दिवशी, कधी आठवड्याने मूल स्वतः म्हणतं, आज काट मारूया. आणि वेदीजवळ अर्पण आणलेल्याला भावाची तक्रार आठवली तर अर्पण तिथेच ठेवून आधी समेट करून ये, असं येशूने सांगितलं आहे. म्हणून प्रार्थना मधेच थांबवून कोणी भावाच्या खोलीत गेलं तर मी रागवत नाही.

त्या चांदणीचं पुढे असं झालं. खालच्या मजल्यावरचा मुलगा आईबरोबर शुक्रवारच्या बाजारात गेला आणि कागद घेऊन आला. तिला लाल हवा होता, त्याला पिवळा मिळाला. जिन्यात उभं राहून तिने त्याला सांगितलं, ‘तू माझी चांदणी मुद्दाम फाडलीस. मला खूप रडू आलं. मी ते सोडलं.’ तो म्हणाला, ‘बरं.’ मग दोघांनी गोंद शोधायला सुरुवात केली.

हल्ली ती शेजारच्या आजींच्या घरी संध्याकाळी तेर्साला, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेला, बसते, शेवटी सगळ्या मुलांसारखं बेसांव, म्हणजे आशीर्वाद, मागते आणि घरी येते. रात्री प्रभूची प्रार्थना म्हणताना तिची रोजच्या भाकरीची ओळ मराठीत असते आणि भोगसपाची कोंकणीत. तिची आई मला विचारत होती, दुरुस्त करू का? मी म्हटलं, राहू द्या.