ब्रेन पेट एकच, पण शिरेतून काय सोडणार? एफडीजी आणि अमायलॉइड स्कॅनमधला फरक

न्यूरॉलॉजिस्टच्या चिठ्ठीवर बऱ्याचदा नुसतं ‘ब्रेन पेट’ एवढंच लिहिलेलं असतं, म्हणजे शिरेतून किरणोत्सारी पदार्थ सोडून मेंदूचं चित्र घेणारं पेट स्कॅन. मग घरचे पुण्याला, बेंगळूरला फोन फिरवतात, दर विचारतात आणि दोन ठिकाणच्या दरांत एवढी तफावत कशी म्हणून चक्रावतात. मशीन तर दोन्हीकडे सारखंच असतं. फरक पडतो तो शिरेतून सोडायच्या पदार्थाने. त्याला ट्रेसर म्हणतात: किरणोत्सारी खूण लावलेला रेणू, मात्रा अगदी किंचित. मेंदूतलं काय दिसणार, हे तो रेणू कोणता आहे त्यावर ठरतं.

स्मृतिभ्रंशाच्या तपासात गल्लत होते ती मुख्यतः दोन स्कॅनची, एफडीजी आणि अमायलॉइड.

एफडीजी ही साखरच, थोडी बदललेली आणि किरणोत्सारी फ्लोरिन-18 जोडलेली. पेशी तिला ग्लुकोज समजून आत घेते, पहिली प्रक्रिया करते, पण पुढे तिचं काही करता येत नाही. ती तिथेच अडकते. जिथे काम जास्त, तिथे साठा जास्त. घरातल्या कुठल्या खोलीचं मीटर किती फिरतंय एवढंच हे स्कॅन सांगतं, पण तेवढ्यावरूनही बरंच कळतं. अल्झायमरमध्ये कानशिलाच्या वरचा-मागचा भाग आणि दोन अर्धगोलांच्या मधला मागचा पट्टा मंदावतो. काहींचा विसरण्याआधी स्वभावच बदलतो. जन्मभर मोजून-मापून बोललेले आबा चारचौघांत वाट्टेल ते बोलू लागतात. तो आजार वेगळा, फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया. त्यात कपाळामागचा भाग आणि कानशिलाचं पुढचं टोक थंडावतं. आणि ज्यांना ओसरीवर नसलेली पोरं बसलेली दिसतात, त्यांचा पार मागचा, दृष्टीचा भाग मंद असतो. तिथे ल्यूई बॉडी आजाराचा, म्हणजे स्मृतिभ्रंशाच्या आणखी एका प्रकाराचा संशय घेतात.

अमायलॉइडचा ट्रेसर काम बघतच नाही. बीटा-अमायलॉइड नावाच्या प्रथिनाचे साचलेले थर असतील तर तो त्यांना चिकटतो, नसतील तर धुऊन जातो. यातला पहिला नावाजलेला रेणू अमेरिकेतल्या पिट्सबर्गचा, पीआयबी. माणसांवरचे त्याचे निष्कर्ष 2004 मध्ये छापून आले. अमेरिकेत मंजुरी मिळाली ती अशाच दुसऱ्या ट्रेसरना: फ्लोरबेटापिरला 2012 मध्ये, मग फ्लुटेमेटामॉलला 2013 मध्ये आणि फ्लोरबेटाबेनला 2014 मध्ये. स्कॅन वाचणारा बघतो ते असं: मेंदूच्या आतल्या पांढऱ्या भागात हा ट्रेसर निरोगी माणसातही थोडा रेंगाळतो. निगेटिव्ह स्कॅनमध्ये तो पांढरा भाग झाडाच्या फांद्यांसारखा उठून दिसतो. पॉझिटिव्हमध्ये बाहेरची करडी सालही उजळते आणि फांद्यांच्या कडा पुसल्या जातात.

आता आकड्यांकडे नीट बघा, कारण घोळ इथेच होतो. फ्लोरबेटापिरची पारख मरणोत्तर तपासलेल्या 59 मेंदूंशी ताडून झाली. थर असलेल्यांपैकी 92 टक्के स्कॅनने पकडले, आणि थर नसलेल्या एकालाही पॉझिटिव्ह म्हटलं नाही. निकाल झकास. पण ही परीक्षा ‘थर आहेत का’ या प्रश्नाची होती, ‘या माणसाला आत्ता जे होतंय ते थरांमुळेच का’ याची नव्हे. स्मरणशक्ती ठणठणीत असलेल्यांतही पन्नाशीला सुमारे 10 टक्के आणि नव्वदीला सुमारे 44 टक्के लोकांच्या मेंदूत अमायलॉइड सापडतं. म्हणजे पंच्याऐंशीच्या आज्जीचा स्कॅन पॉझिटिव्ह आला तरी तिच्या विसराळूपणाचं कारण थायरॉइड, बी-12 ची कमतरता किंवा झोपेची गोळी असू शकतं. उलट निगेटिव्ह आला तर अल्झायमर जवळपास बाद. माझ्या मते ज्येष्ठांच्या बाबतीत या स्कॅनचा ‘नाही’ त्याच्या ‘हो’पेक्षा जास्त कामाचा.

साठीच्या आतच विसरायला लागलेला माणूस असेल, किंवा अमायलॉइड हटवणारी लेकॅनेमॅबसारखी औषधं द्यायचा विचार असेल, तर मात्र हा स्कॅन किंवा पाठीच्या कण्यातल्या पाण्याची तपासणी हवीच. थर आहेत याचा पुरावा नसताना ती औषधं देत नाहीत. बाकी ‘नेमका कुठला स्मृतिभ्रंश’ हा प्रश्न असेल तर आधी एफडीजी, तेही रक्ततपासणी आणि एमआरआय झाल्यावरच. अल्झायमरमध्ये साचणाऱ्या दुसऱ्या, टाऊ नावाच्या प्रथिनाचा ट्रेसरही आहे, फ्लोरटाउसिपिर, अमेरिकेत 2020 पासून मंजूर. पण त्याच्या मागे लागायची वेळ आपल्याकडे क्वचितच येते.

आपल्या बेळगाव भागात आणखी एक पेच आहे. दुसरी-तिसरी शिकलेली खानापूरकडची बाई, घर मराठी, भजन मराठी, आणि स्मृतीची चाचणी कन्नडमध्ये. गुण कमी पडले तर ते आजाराने, शाळा सुटल्याने की भाषेने? अशा वेळी एफडीजी नॉर्मल आला तर पुन्हा एकदा मराठीत विचारून बघायला डॉक्टरांना भक्कम कारण मिळतं. चाचणीवेळी कोण कुठल्या भाषेत विचारत होतं, ते फाइलवर लिहून घ्या.

आता प्रवासाचं. फ्लोरिन-18 दर 110 मिनिटांनी निम्मं होतं. पुण्याहून बेळगावला ट्रेसर आणायला रस्त्याने सहा तास धरले तर शंभरातले जेमतेम दहा भाग उरतात. पीआयबीतला कार्बन-11 तर 20 मिनिटांतच निम्मा होतो. खानापूरहून बेळगावात येईपर्यंत पाव उरेल. म्हणून तो सायक्लोट्रॉनच्या, म्हणजे हे किरणोत्सारी पदार्थ बनवणाऱ्या यंत्राच्या दारातच वापरतात. एफडीजीचा डोसही त्या दिवसाच्या हिशोबाने मागवलेला असतो. यायला जमणार नसेल तर आदल्या दिवशीच कळवा.

एफडीजीच्या आधी चार ते सहा तास उपास लागतो, पाणी चालतं. पहाटे निघालेली गाडी तवंदी घाट उतरून निपाणीला थांबते, आणि ‘एक घोट चहाने काय होतंय’ म्हणून आज्जीच्या हातात कप येतो. त्या घोटातली साखर ट्रेसरशी स्पर्धा करते. रक्तातली साखर 200 च्या वर गेली तर बरीच केंद्रं स्कॅन पुढे ढकलतात, त्यामुळे मधुमेह असेल तर इन्शुलिनचं आधीच विचारून घ्या. इंजेक्शननंतर अर्धा तास मंद उजेडाच्या खोलीत गप्प पडून राहायचं असतं. तिथे आज्जीशी गप्पा मारल्या तर तिच्या मेंदूतला बोलण्या-ऐकण्याचा भाग उगाच उजळतो. अमायलॉइडच्या स्कॅनला हे काही नाही, उपासही नाही. त्या दिवशी निपाणीचा चहा बिनधास्त घ्या.