पाहुण्या बिअरचा पंप: १९८९ च्या निर्णयाची पार्श्वभूमी

ब्रिटनमधल्या जुन्या वळणाच्या पबात रिअल एल, म्हणजे पिंपातच पिकणारी पारंपरिक बिअर, प्यायला गेलात, की बारवर उंच दांड्यांचे हातपंप ओळीने उभे दिसतात. प्रत्येकावर बिअरच्या नावाची पट्टी असते. एका पबात सगळ्या पट्ट्या एकाच कंपनीच्या, तर पलीकडच्या गल्लीतल्या पबात दर आठवड्याला एखादी नवी. हा फरक पबचालकाच्या आवडीनिवडीपेक्षा इमारत कोणाच्या मालकीची आहे यावर जास्त ठरतो, आणि आजचे मालकीचे चित्र बऱ्याच अंशी १९८९ सालच्या एका सरकारी निर्णयातून तयार झाले.

ही बिअर पिंपात भरली जाते तेव्हा तिच्यात यीस्ट जिवंत असते. आंबण्याचा शेवटचा टप्पा पबच्या तळघरात, ११ ते १३ अंश सेल्सिअसला पुरा होतो. आडव्या ठेवलेल्या पिंपाच्या पोटावर एक भोक असते. त्यात आधी मऊ लाकडाची खुंटी ठोकतात, म्हणजे जादा वायू तिच्या रेषांमधून झिरपत बाहेर पडतो. फेस शांत झाला की तिच्या जागी कडक लाकडाची खुंटी बसते. गाळ तळाला बसेपर्यंत थांबायचे, मग तोटी. विक्री सुरू होऊन हवा आत शिरली की साधारण तीन दिवसांत पिंप संपले पाहिजे. नेहमीचे छोटे पिंप नऊ गॅलनचे, म्हणजे ७२ पाइंटचे. तेवढे गिऱ्हाईक आले नाही तर उरलेली बिअर आंबट होते आणि ओतून द्यावी लागते. १९६० च्या दशकात बड्या ब्रुअरीजनी गाळलेली, पाश्चराइझ केलेली आणि वायूच्या दाबाने ढकलली जाणारी केग बिअर पुढे केली ती म्हणूनच. ती टिकते आणि तळघरात कसब मागत नाही. तिला कंटाळलेल्या चार इंग्रज तरुणांनी १९७१ मध्ये आयर्लंडच्या सहलीत ग्राहक चळवळीची मुहूर्तमेढ रोवली. रिअल एल आज शिल्लक आहे त्यात या चळवळीचा वाटा फार मोठा आहे.

मालकीची गोष्ट त्याहून जुनी. १८३० च्या कायद्याने दोन गिनी भरणाऱ्या करदात्या गृहस्थाला घरातून बिअर विकण्याची मुभा मिळाली आणि बिअरघरांचे पेव फुटले. १८६९ नंतर परवाने आवळले गेले. परवाना दुर्मीळ झाल्यावर त्याची किंमत चढली आणि ब्रुअरीजनी भांडवल उभारून पब विकत घेण्याचा सपाटा लावला. तिथून ‘टाय’ची पद्धत घट्ट झाली. पेट्रोल पंपचालकाला जसे आपल्याच कंपनीचे इंधन विकावे लागते, तसे भाडेकरू पबचालकाने मालक ब्रुअरीचीच बिअर तिने ठरवलेल्या दराने घ्यायची. बदल्यात भाडे कमी. हा सौदा मुळातच अन्यायाचा होता असे म्हणता येणार नाही. थोड्या भांडवलावर धंद्यात उतरण्याची वाट त्यानेच अनेकांना दिली.

१९८० च्या दशकापर्यंत मात्र सहा कंपन्यांच्या हाती देशातल्या बिअर उत्पादनाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग आला होता. स्पर्धाविषयक चौकशीचा अहवाल मार्च १९८९ मध्ये आला. कोणत्याही ब्रुअरीकडे २,००० पेक्षा जास्त पब नसावेत, अशी त्याची शिफारस होती. ब्रुअरीजनी जाहिरातींचा मारा केला, सत्ताधारी खासदारांवर दबाव आणला, आणि काही महिन्यांतच सरकार नमले. डिसेंबरमधल्या आदेशांत २,००० ची मर्यादा उरली, पण दात काढलेली. त्यावरच्या पबांपैकी निम्मे नोव्हेंबर १९९२ पर्यंत टायमधून मोकळे करायचे, एवढेच. शिवाय मे १९९० पासून बड्या ब्रुअरीजच्या भाडेकरूंना एक ‘पाहुणी’ बिअर बाहेरून आणण्याचा हक्क मिळाला. ती पिंपात पिकणारीच हवी. केगला ही सवलत नव्हती. रिअल एलला कायद्याने दिलेले हे पहिले ठोस संरक्षण.

घोळ झाला तो आदेशांच्या पहिल्या भागात, म्हणजे २,००० च्या मर्यादेत. आदेश बिअर बनवणाऱ्या कंपन्यांना लागू होते. बिअर न बनवता नुसते पब बाळगणाऱ्यांवर कसलीच मर्यादा नव्हती. ही फट कोणालाही दिसण्याजोगी होती, तरी ती बुजवली गेली नाही. सुमारे ११,००० पब बाजारात आले आणि ते प्रामुख्याने नव्या मालमत्ता कंपन्यांनी उचलले. १९९१ मध्ये तर सहांपैकी एकीने आपल्या ब्रुअरीज दुसरीला देऊन टाकल्या, आणि दोघींचे हजारो पब एका संयुक्त मालमत्ता कंपनीकडे गेले. २००० साली आणखी दोघींनी बिअरचा धंदा बेल्जियन कंपनीला विकला. नव्या मालकांनी टाय तशीच ठेवली. घाऊक खरेदीमुळे बिअर त्यांना स्वस्त मिळे, पण ती सूट भाडेकरूपर्यंत पोचत नसे, आणि भाडेही चढे. जुनी ब्रुअरी निदान बिअर खपावी म्हणून पब जगवत असे. कर्ज काढून पब घेतलेल्या कंपनीला तीच जागा घरे बांधणाऱ्याला विकणे कधी कधी जास्त परवडते. भाडेकरूला मोकळे करण्यासाठी केलेल्या कायद्याने त्याच्या डोक्यावर अधिक कठोर मालक बसवला, असेच म्हणावे लागेल. जे ब्रुअरीचे भाडेकरू राहिले नाहीत, त्यांच्या पाहुण्या बिअरचा हक्कही ब्रुअरीबरोबर गेला. २००३ मध्ये आदेश रद्द झाले, तेव्हा त्यांच्या कक्षेत फारसे कोणी उरलेच नव्हते.

त्या सुमारास आणि नंतरही घडामोडी भराभर झाल्या. २००२ पासून वर्षाला ५,००० हेक्टोलिटरपर्यंत (पाच लाख लिटर) बिअर बनवणाऱ्यांना निम्मे उत्पादन शुल्क लागू झाले आणि छोट्या ब्रुअरीज गावोगावी उभ्या राहिल्या. त्यांची बिअर घेणार कोण? टायमधल्या पबांचे दरवाजे बंदच होते. २००५ मध्ये केंट परगण्यातल्या हर्न गावी खाटकाच्या जुन्या दुकानात पहिला मायक्रोपब निघाला: एक खोली, संगीत नाही, पिंपातली बिअर. २००७ मध्ये इंग्लंडमध्ये धूम्रपानबंदी आली, २००८ पासून काही वर्षे बिअरवरचे शुल्क महागाईच्याही वर चढत राहिले. २०१७ पासून इंग्लंडमध्ये पब पाडायला किंवा त्याचे दुकान करायला नियोजन परवानगी लागते. हजारो पब बंद झाल्यावर सुचलेले शहाणपण.

टायचा प्रश्न नोव्हेंबर २०१४ मध्ये पुन्हा संसदेत आला. सरकारचा विरोध असूनही खासदारांनी भाडेकरूंच्या बाजूने कौल दिला. २०१६ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये ५०० किंवा अधिक टायड (टायने बांधलेले) पब असलेल्या कंपन्यांना भाडेकरूंशी कसे वागावे याची संहिता लागू आहे. ठरावीक प्रसंगी भाडेकरू बाजारभावाने भाडे देऊन टायमधून बाहेर पडू शकतो. कागदावर हा मोठा हक्क आहे. प्रत्यक्षात वाटाघाटी आणि लवादात दमछाक होते, अशी भाडेकरूंची तक्रार आहे. शिवाय या संहितेत पाहुण्या बिअरचे कलम नाही. स्कॉटलंडने २०२१ च्या स्वतःच्या कायद्यात ते घातले. कंपन्या त्याविरुद्ध न्यायालयात गेल्या आणि हरल्या, आणि २०२५ मध्ये तिथली संहिता लागू झाली. आता तिथल्या टायड पबचालकाला निदान एक बिअर स्वतः निवडून विकण्यासाठी मालकाकडे करार मागता येतो. इंग्लंडमध्ये त्याच मागणीसाठी छोट्या ब्रुअरीज अजून सरकारच्या दारात उभ्या आहेत.