सिलिकॉन कार्बाइड भट्टीत जळत का नाही, त्यामागची गोष्ट

सिलिकॉन कार्बाइड म्हणजे सिलिकॉन आणि कार्बनचं संयुग. भट्टी तापवणारा त्याचा जुना रॉड काढून हातात घ्या, वर पांढुरका काचेसारखा थर दिसेल. तो रॉडचा गंजच आहे, पण लोखंडासारखे पापुद्रे सुटत नाहीत. हवेतला ऑक्सिजन सिलिकॉनला धरतो, कार्बन वायू होऊन निघून जातो आणि मागे सिलिका, म्हणजे सिलिकॉनचा ऑक्साइड, राहते. ती अंगाला घट्ट चिकटते आणि पुढच्या ऑक्सिजनची वाट अडवते, म्हणून 1500 डिग्रीच्या आसपासही माल टिकतो. मला हे अजूनही कमाल वाटतं.

हा पदार्थ सापडला तेव्हा यातलं काहीच कुणाच्या डोक्यात नव्हतं. 1891 मध्ये अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात एडवर्ड अ‍ॅचेसनने लोखंडी वाडग्यात माती आणि कोक (भाजलेला दगडी कोळसा) भरून त्यातून जबरदस्त करंट सोडला, थंड झाल्यावर कार्बनच्या रॉडला बारीक चकाकणारे कण चिकटलेले दिसले, त्यातला एक त्याने पेन्सिलच्या टोकाला लावून काचेवर ओढला तर काचेवर ओरखडा उठला! त्याला वाटलं हे कार्बन आणि कोरंडम (अ‍ॅल्युमिनियमच्या ऑक्साइडचं कठीण खनिज) यांचं काहीतरी आहे, म्हणून नाव पडलं कार्बोरंडम. नाव चुकीच्या समजुतीतून आलं तरी ते टिकलं, धार लावायच्या दगडाला आपणही तेच म्हणतो.

सगळी कार्बाइडं, म्हणजे कार्बनची अशी संयुगं, सारखी नसतात. टंगस्टन कार्बाइड कठीण खरं, पण उघड्या हवेत 600 डिग्रीच्या आसपासच त्याची पिवळी पूड व्हायला लागते. हाफ्नियम कार्बाइड वितळायला जवळपास 3900 डिग्री लागतात, पण त्याचा ऑक्साइड सच्छिद्र, त्यामुळे ऑक्सिजन आत शिरत राहतो. म्हणजे नुसता मेल्टिंग पॉइंट बघून मटेरियल निवडू नये, हे मी कळकळीने सांगतो.

मग या थराची मर्यादा कुठे? 1958 मध्ये कार्ल वॅग्नर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने सिलिकॉनबद्दल दाखवलं की ऑक्सिजन फार कमी असेल तर सिलिका बनतच नाही, सिलिकॉन मोनॉक्साइडचा वायू होतो आणि माल झिजत जातो. सिलिकॉन कार्बाइडलाही तेच लागू पडतं, म्हणजे ऑक्सिजन कमी तिथे धोका जास्त. उंचावरच्या विरळ हवेतून परतणाऱ्या स्पेस शटलला म्हणूनच हे महत्त्वाचं होतं: त्याच्या नाकावर आणि पंखांच्या कडेला कार्बन-कार्बन (कार्बनच्या धाग्यांनी मजबूत केलेला कार्बन) होतं, त्याला जळण्यापासून वाचवायला सिलिकॉन कार्बाइडचंच कोटिंग दिलं होतं.

जेट इंजिनात आणखी एक शत्रू निघाला, पाण्याची वाफ. इंधन जळलं की वाफ होणारच, ती सिलिकाला वायू करून उडवते, म्हणून 1990 च्या दशकात खास वाफेसाठी वेगळी कोटिंग्ज आली आणि 2016 मध्ये लीप नावाच्या जेट इंजिनातून सिलिकॉन कार्बाइडचे भाग प्रवासी विमानांत उडायला लागले.