ज्येष्ठमध आणि गुंजेचा पाला: दोन्ही गोड, पण एक नव्हेत

घसा खवखवायला लागला की आमच्या घरी आजीच्या डब्यातून दोन गोष्टी निघायच्या: ज्येष्ठमधाची काडी नाहीतर गुंजेचा पाला. दोन्ही चघळायच्या, दोन्ही गोड. त्यामुळे पुष्कळांना वाटतं, काडी आणि पाला एकाच झाडाचे. तसं नाही.

ज्येष्ठमध म्हणजे मूळ. ते बरंचसं इराण, अफगाणिस्तानाकडून सुकून येतं. काडी मोडून बघा: वर तपकिरी साल, आत पिवळा, धागेदार गाभा. तुकडा दाढेखाली धरला की गोडी सावकाश उतरते, मागे जराशी कडवट चव राहते. लाळ सुटत राहते आणि कोरडा, ओरखडल्यासारखा घसा ओला होतो. शस्त्रक्रियेत भूल देताना घशात नळी घालतात, त्याने नंतर घसा दुखतो. आधी ज्येष्ठमधाच्या गुळण्या केल्या तर हा त्रास कमी होतो, असं अभ्यासांत दिसलंय. पण ही गोडी ज्या ग्लायसिरायझिनची, त्यानेच अंगात मीठ-पाणी साठतं, पोटॅशियम उतरतं आणि रक्तदाब चढतो. बीपीच्या माणसाने आणि गरोदर बाईने रोज काडी चघळू नये.

गुंज ही आपल्या कुंपणावर चढणारी वेल. पानं चिंचेसारखी बारीक. सुकलेला पाला तोंडात टाकला की आधी गवत चावल्यासारखं लागतं, मग गोडी येते. विड्यात घालतात तो हाच. गाणारी मंडळी आवाजासाठी तो जवळ बाळगतात.

धोका त्याच वेलीच्या शेंगेत आहे. लालभडक, काळ्या डोळ्याच्या त्या बिया सोनाराच्या तराजूत असायच्या: ८ गुंजांचा मासा, १२ माशांचा तोळा. त्यांत अब्रिन नावाचं जहाल विष असतं आणि त्यावर उतारा नाही. बी चावली गेली तर जीव जाऊ शकतो. म्हणून वेलीवरचा पाला स्वतः ओरबाडून आणू नका, आणि विकतचाही वर्तमानपत्रावर पसरून, निवडून घ्या. लहान मुलांच्या हाती गुंजा खेळायला तर मुळीच नकोत.

बाजारात गुंजेचं मूळही ज्येष्ठमध म्हणून खपवतात. भुकटीत ते ओळखणार कसं? मी कायम अख्खी काडीच आणते आणि घरी सहाणेवर उगाळते. ताप असेल, गिळवत नसेल, तर मात्र डबा न उघडता डॉक्टर गाठते.