सुका कचरा म्हणजे भंगार नव्हे

आमच्या सोसायटीत कचरा घ्यायला येणाऱ्या मावशी सकाळी पार्किंगमध्ये निळा डबा उपडा करतात आणि पुढची दहा मिनिटं न बोलता हात चालवतात. पुठ्ठा एका पोत्यात, पाण्याच्या बाटल्या दुसऱ्यात, दुधाच्या पिशव्या तिसऱ्यात. चौथं पोतं सगळ्यांत मोठं, आणि भरतंही तेच आधी. त्यातल्या मालाला कुणी पैसे देत नाही. डब्यावर आम्ही ‘सुका कचरा’ असं लिहिलंय. मावशींच्या हिशेबी मात्र पहिली तीन पोती भंगार आणि चौथं तेवढं कचरा.

पुण्यात हे दोन शब्द आपण सर्रास एकाच अर्थाने वापरतो. ‘सुकं ना, मग ते जातं रीसायकलला’ असं म्हणून हात झटकले की काम झालं असं वाटतं. पण ‘सुका कचरा’ हा नियमाचा शब्द आहे. 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी घरातच ओला, सुका आणि घरगुती घातक असे कचऱ्याचे भाग करायला सांगितले. त्या हिशेबाने वर्तमानपत्र सुकं, चिप्सचं पाकीट सुकं आणि तुटकी चप्पलही सुकीच. ‘भंगार’ हा बाजाराचा शब्द. ज्याला किलोवर भाव आहे आणि घ्यायला दुकानदार तयार आहे, ते भंगार. भाव कोसळला की कालचं भंगार आज नुसता कचरा होतं, वस्तू तीच असली तरी.

1993 मध्ये डॉ. बाबा आढाव यांच्या पाठबळाने इथल्या कचरावेचकांची संघटना उभी राहिली, तिचं नाव कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत. मला हे नाव फार आवडतं, कारण ती भंगाराचीच यादी आहे. त्यात प्लास्टिक नाही, आणि आजच्या निळ्या डब्यात तर प्लास्टिकच प्लास्टिक. याच संघटनेच्या पुढाकारातून कचरावेचकांच्या मालकीची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था आली आणि 2008 मध्ये महापालिकेशी करार करून तिने दारोदार कचरा गोळा करायला सुरुवात केली. या सभासदांना महापालिकेचा पगार नसतो. घरटी मिळणारं महिन्याचं शुल्क आणि भंगार विकून येणारे पैसे, यावर त्यांचं घर चालतं. म्हणून भंगार आणि सुका कचरा यांतला फरक मावशींना रोज पैशात मोजावा लागतो.

हा फरक पुष्कळदा आपल्या सिंकपाशी ठरतो. दुधाची पिशवी घ्या. चांगलं प्लास्टिक, भाव असलेलं. तीच पिशवी आत दूध तसंच ठेवून डब्यात टाकली की दुपारपर्यंत आंबते, शेजारच्या कागदाला चिकटते आणि तोही वाया जातो. मावशी एकदा मला म्हणाल्या, “ताई, पिशवी पाण्यातनं काढून उलटी वाळत घातली तर मला वजनात मिळते. वास आला की दुकानदार बाजूला काढतो.” तेव्हापासून आमच्या ओट्याच्या कडेला पिशव्या वाळत असतात. कापतानाही कोपरा पूर्ण तोडायचा नाही, लटकता ठेवायचा. तो नखाएवढा तुकडा सुटला की भाजीच्या देठांबरोबर ओल्यात जातो आणि शेवटी कुणाच्या तरी खतात निघतो.

आता चिप्सचं किंवा बिस्किटाचं पाकीट बघा. आतून चांदीसारखं चमकतं, म्हणून धातू वाटतो. मुठीत चुरगळा आणि सोडा. हळूहळू उलगडलं तर ते प्लास्टिकवर धातूचा पातळ मुलामा दिलेलं पाकीट. गोळा तसाच राहिला तर ॲल्युमिनियमची फॉइल, आणि ती खरकटी नसेल तर भंगार. पाकिटात वेगवेगळ्या पदार्थांचे थर एकमेकांना असे चिकटलेले असतात की ते सुटे करणं परवडत नाही. त्यामुळे ही पाकिटं बहुतेक वेळा कचऱ्याच्या डोंगरावर जातात, नाहीतर सिमेंटच्या भट्टीत जळण म्हणून. पुण्याच्या वेशीवरच्या उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांनी आपल्या उशाशी असा डोंगर वर्षानुवर्षं सोसलाय आणि त्यासाठी कचऱ्याच्या गाड्याही अडवल्यात. थर्माकोलची अडचण वेगळी. पोतं फुगतं, काट्यावर वजन काही येत नाही. कागदी कपाला आतून प्लास्टिकचा अस्तर असतो, म्हणून तो रद्दीत चालत नाही. तेल मुरलेला पिझ्झाचा पुठ्ठाही नाही.

एका गोष्टीचं मला मनापासून वाईट वाटलं, ती सांगते. मध्यंतरी आमच्या सोसायटीत ठराव झाला की पुठ्ठा, बाटल्या आणि रद्दी बाजूला काढून एकदम भंगारवाल्याला विकायची आणि त्या पैशांतून गेटपाशी बाग करायची. हेतू चांगला होता, पहिल्या मीटिंगला हात मीही वर केला होता. पण त्याचा अर्थ एवढाच झाला, की मावशींच्या वाट्याला फक्त चौथं पोतं उरलं. घाण तेवढी त्यांची आणि भाव असलेलं आमचं. तीन महिन्यांनी आम्ही तो ठराव मागे घेतला. घरातली रद्दी विकण्यात गैर काहीच नाही. पण जी बाई रोज आपला डबा हाताने निवडते, तिच्या ताटातलं काढून फुलझाडं लावायची नाहीत, असं माझं ठाम मत आहे.

एक उलटा प्रकारही आहे. भाव मिळतो, तरी भंगारात द्यायचं नाही. जुना मोबाइल, चार्जर, वायरी. भंगारवाला आनंदाने घेतो, पण पुढे तांब्यासाठी वायरी जाळल्या जातात आणि तो धूर कुणाच्या तरी पोराच्या छातीत जातो. हे ई-कचऱ्याच्या अधिकृत संकलनातच द्यावं. डायपर आणि सॅनिटरी पॅड तर सुक्यातही नाहीत. वर्तमानपत्रात गुंडाळून वर लाल ठिपका काढायचा, म्हणजे पुडी उघडायच्या आधीच मावशींना कळतं.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी सतत कचऱ्याचा ढीग पडणारा एक कोपरा होता, महापालिकेच्या भाषेत ‘क्रॉनिक स्पॉट’. आम्ही भिंत रंगवली, वारली चित्रं काढली, रांगोळी घातली. दहा-बारा दिवसांत ढीग समोरच्या खांबाखाली सरकला. तेव्हा एका रविवारी हातमोजे घालून आम्ही तो ढीग निवडून बघितला. एकही बाटली नाही, पुठ्ठ्याचा तुकडा नाही. गणपतीच्या मखराचं थर्माकोल, पाकिटं, फाटकी उशी, चहाचे कप. रस्त्यावर पडून होतं ते सगळं चौथ्या पोत्यातलं, कारण भंगार पडून राहतच नाही. ते कुणीतरी पहाटेच उचलून नेतं.

मग रंगाचा डबा बाजूला ठेवून आम्ही टपरीवाल्या दादांशी बोललो. आता ते काचेचे ग्लास वापरतात. उशा, गाद्या, जुने कपडे यांच्यासाठी ‘स्वच्छ’च्या व्ही कलेक्ट मोहिमेची तारीख कळली की ती लिफ्टपाशी लावतो आणि तोवर त्या वस्तू जिन्याखाली ठेवायला जागा दिली आहे. मखर यंदा पुठ्ठ्याचं झालं. विसर्जनानंतर ते मावशींच्या पहिल्या पोत्यात गेलं. खांबाखाली अजून अधूनमधून एखादं पाकीट दिसतं, उशी मात्र पुन्हा दिसलेली नाही.