रिफ्रेश मारून लॅपटॉप फास्ट होत नाही

आमच्या यवतमाळकडच्या गावांत पोरं गेम सुरू करण्याआधी दहा-दहा वेळा रिफ्रेश मारतात. ‘रॅम’, म्हणजे चालू कामापुरती लागणारी मेमरी, ‘मोकळी होते’ म्हणे. ही जुनी समजूत चुकीची आहे. एफ-५ दाबल्यावर विंडोज डेस्कटॉपवरचे आयकॉन नव्यानं दाखवतं, बस. रॅम तशीच राहते.

मग नवा लॅपटॉप अडकतो कशानं? आधी चार्जर पहा. बॅटरीवर असताना लॅपटॉप प्रोसेसर आणि ग्राफिक्स दोघांचीही वीज आवरतो. लाइन गेल्यावर खेळाल तर गेम अडकणारच. दुसरी गोष्ट उन्हाची. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांवर जातो आणि लॅपटॉप असतो गादीवर, खालची जाळी बंद! प्रोसेसर शंभर अंशांजवळ पोचला की स्वतःला वाचवायला वेग उतरवतो. टेबलावर ठेवा, मागून थोडा उचला. कापसाच्या पैशातून घेतलेली वस्तू ‘खराब निघाली’ म्हणून बापाला दुकानाच्या चकरा मारायला लावण्याआधी एवढं नक्की करा.

गेमची चित्रं दाखवणारं वेगळं ग्राफिक्स कार्ड असूनही गेम संथ असेल, तर सेटिंग्जमध्ये सिस्टम, डिस्प्ले, ग्राफिक्स इथं जाऊन त्या गेमला ‘हाय परफॉर्मन्स’ द्या. कार्डच नसेल आणि रॅमची एकच पट्टी असेल, तर लॅपटॉपमध्ये दुसऱ्या पट्टीची जागा आहे का ते पाहून तेवढ्याच क्षमतेची दुसरी जोडा, फरक दिसतो.