ढगात कान फसवतो तेव्हा

पावसाळ्यात कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावर उतरताना विमान ढगात शिरलं की खिडकीबाहेर नुसतं पांढरं, आणि आपण सरळ चाललोय का तिरके हे काही केल्या कळत नाही. पायलटलाही कळत नाही, तोल सांगणारे त्याचेही कान आपल्यासारखेच, म्हणून तो मीटरवर नजर ठेवतो.

२३ फेब्रुवारी २०१९ ला अ‍ॅटलास एअरचं बोइंग ७६७ मालवाहू विमान मायामीहून ह्यूस्टनला उतरायला चाललं होतं. साधारण ६ हजार फुटांवर, ढगात असताना, गो-अराउंड मोड चुकून चालू झाला, म्हणजे लँडिंग सोडून परत वर जायचा. त्याचं बटण थ्रॉटलच्या दांड्यावरच असतं, आणि स्पीडब्रेकवर, म्हणजे वेग कमी करायच्या दांड्यावर, हात ठेवलेल्या को-पायलटचं मनगट नाहीतर घड्याळ त्याला लागलं असावं असं तपासात निघालं. इंजिनांनी एकदम जोर धरला.

आता कानाचं बघा. आतल्या कानात जेलीसारख्या थरावर कॅल्शियमचे अगदी बारीक खडे असतात, डोकं मागं कललं की ते मागं सरकतात आणि मेंदूला कळतं. पण केएमटी, म्हणजे कोल्हापूरची सिटी बस, झटक्यात सुटली की उभा माणूस मागं जातो ना, तसेच विमानानं वेग घेतला की हे खडेही मागंच जातात. कानाला दोन्ही सारखंच! एरवी डोळे क्षितिज बघून चूक सुधारतात, ढगात क्षितिजच नाही. विमानाचं नाक जेमतेम ४ अंश वर गेलेलं, पण को-पायलटला ते फारच वर गेल्यासारखं वाटलं, विमान स्टॉल होतंय म्हणजे पंखांची उचल संपतेय असं तो बोललाही, आणि त्यानं नाक खाली दाबलं. स्टॉलची वॉर्निंग वाजलीच नव्हती, मीटर बरोबर होते. नाक जवळपास ४९ अंश खाली गेलं आणि अर्ध्या मिनिटाच्या आसपास विमान ह्यूस्टनजवळच्या ट्रिनिटी बे या खाडीच्या पाण्यात, आतले तिघंही गेले. कॅप्टन रेडिओ आणि लँडिंगच्या तयारीत होता, त्याच्याही लक्षात उशिराच आलं.

नुसतं पायलटची चूक म्हणून सोडून देणं मला पटत नाही. या को-पायलटला आधीच्या कंपन्यांत ट्रेनिंगमध्ये वारंवार हेच जमलं नव्हतं, अनपेक्षित काही झालं की घाईत भलतंच करायचा, आणि नोकरीला लागताना त्यानं ते लपवलं. पायलटांचं सगळं रेकॉर्ड एका जागी ठेवा असा कायदा अमेरिकेत २०१० लाच झालेला. त्याचा पक्का नियम निघाला २०२१ मध्ये.